समिधाच्या नावचं पान

भिसेगाव, कर्जत
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय समिधा,

आज बाबांचं तेरावं झालं. सकाळी विधी झाले, दुपारी दोन पंगती उठल्या. घरात इतक्या माणसांत फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

शेवटी त्यांना फार त्रास झाला नाही, असं सगळे सांगतात. आई थोडं खातात, थोडं झोपतात. काळजी करू नकोस. आपल्या छोट्या हर्षलाचा खोकला थांबला का?

आल्यापासून मी एकच गोष्ट सांगतोय. तू जुना पासपोर्ट परत केलास, तुझा नवा कॅनडाचा आहे, त्यावर व्हिसा अजून मिळालेला नाही. तुझा भाऊ साईनाथ सगळं ऐकून म्हणतो, "दाजी, पासपोर्ट बदलला म्हंजे बाप बदलला काय?" तिकडचं नागरिकत्व घे म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. माझं नंतर बघू म्हणालो. म्हणून मी इथे आणि तू तिथे.

आज आईंनी पंगतीत तुझंही पान वाढलं. साईनाथ चिडला, "आये, असं पान गेलेल्याचं वाढतात. ताई जिती हाय ना गं?"

"म्हनूनच वाढलंय," त्या म्हणाल्या. "माज्या पोरीला घरी यायला कागद लागतो, ह्ये मला नको सांगू."

मग ते पान उचलायला कोणी तयार होईना.

माणसं पांगल्यावर मी त्या पानावर बसलो. वरण गार झालं होतं. भाताचं शीतही न ठेवता जेवलो आणि पान मागच्या अंगणात नेऊन टाकलं.

तुझा,
योगेंद्र