छप्पन्न गोळ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचेही नाही. माझ्यावर दडपण आणण्याची धमक या घरात कोणाच्यात नव्हती. आधीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाला दिले होते, ते रद्द समजावे. कारण असे.

१. माझी मांजर काजळी, वय चौदा. दोन वर्षांपूर्वी ती दुप्पट खाऊ लागली, ताटली चाटून पुन्हा ओरडू लागली, आणि तरी तिचा कणा हाताला टोचू लागला. मुलगा म्हणाला, "आई, म्हातारपणी तरुण झालीय ती. बघ कशी पळते!" दर सोमवारी मी तिला दुकानातल्या काट्यावर ठेवले. तीन महिन्यांत चार किलो दोनशेची तीन किलो शंभर झाली. मुलाला आकडे दाखवले.

"काटा बिघडला असेल," तो म्हणाला.

माझा काटा! याच काट्यांवर तो पदवीधर झाला.

२. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, छातीचे ठोके ऐकले, रक्त तपासले. थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती. "हे म्हातारपण नाही, आजार आहे," त्या म्हणाल्या. "गोळीने आटोक्यात राहील. पण सकाळ-संध्याकाळ, कायमची. आणि अधूनमधून रक्त, मूत्रपिंडं, रक्तदाब तपासायचा." दोन महिन्यांत काजळीचे वजन अर्ध्या किलोने वाढले.

३. मग माझे खुब्याचे हाड मोडले. चार आठवडे रुग्णालयात होते. मुलाला रोज फोनवर विचारी, "गोळी दिलीस?"

"दिली गं आई, किती वेळा विचारशील?"

घरी आले तेव्हा काजळी टेबलाच्या पायाला धडकत होती. रक्तदाब चढून डोळ्यांचे पडदे सुटले होते. दृष्टी परत आली नाही. गोळ्यांचा डबा मोजला. छप्पन्नच्या छप्पन्न जागेवर.

"तोंडच उघडेना ती," चिरंजीव म्हणाले. "आणि दिसत तर बरी होती."

तो डबा मी मुलाला देते. याखेरीज त्याला काही नाही. कोर्टात जायचे असेल तर खुशाल जावे. तिथे हे कलम मोठ्याने वाचले जाईल.

४. घर, दुकान आणि सर्व हत्यारे वरच्या मजल्यावरच्या शिलाईवालीला. बाई भांडखोर आहे. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सतरंज्या झटकते, म्हणून एकोणीस वर्षे आमचा अबोला होता. पण मला वाकता येईना, तेव्हा न बोलावता खाली आली. "तोंड वाकडं करू नकोस. मांजरीसाठी आलेय, तुझ्यासाठी नाही." टॉवेलात गुंडाळले, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली, गळा चोळला, झाले. पदवी लागली नाही. चौदा महिन्यांत एकही वेळ चुकली नाही. तिच्याबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

५. अट एकच. काजळी जिवंत असेपर्यंत घरातले टेबल, खुर्ची, पाण्याचे भांडे इंचभरही हलवू नये. ती अंदाजाने चालते. पुढे हवे तर सगळे जाळावे. लाकूड तसेही भिकार आहे.

६. ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाला; त्याने सांगितलेली तेवढीच कामाची गोष्ट. म्हणून शिलाईवालीची सही घेतलेली नाही. आज सकाळी तिने विचारले, "कसला कागद लिहितेस?"

"तुझ्याविरुद्ध तक्रार."

"लिही," म्हणाली, काजळीला गोळी दिली, आणि वर निघून गेली.

साक्षीदार:
१. जनावरांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचा औषधवाला (सही, अक्षर त्यालाच वाचता येते)

लिहून ठेवणार: काटेवाली (सही)
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार. काजळीचे आजचे वजन तीन किलो आठशे.