वहिनीचे शुक्रवार

व्हाइटफील्ड, बेंगळुरू
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. मस्कतचा उकाडा आता उतरला असेल. इथे सकाळी गारठा असतो. शाल्मलीचा खोकला बरा आहे. गणितात पैकीच्या पैकी मिळाले, हे तिने तुला सांगितलंच असेल.

पत्र बघून दचकू नकोस. तुझा फोन येतो तेव्हा नीलावहिनी शेजारीच बसलेली असते, आणि मी फोन केला तरी हे तोंडाने सांगवणार नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या कंपनीतला अजित सुट्टी संपवून उद्या तिकडे परततोय, त्याच्या हाती देते.

तू गेल्यावर पहिले काही महिने वहिनीला घर खायला उठायचं. एका शुक्रवारी मीच आमच्या दुकानातली वाइनची बाटली नेली. "एक ग्लास घे, झोप लागेल," म्हटलं. भजी तळली, खूप हसलो. मग शुक्रवार ठरूनच गेला. पुढे सोसायटीतल्या बायकांचा बुधवार सुरू झाला. दोन बाटल्यांवर सूट असायची, म्हणून दोन. घरात बाटली असली की वार बघावा लागत नाही, दादा. कोण कशासाठी घेतं, किती दिवसांनी परत येतं, हे ओळखणं हेच दुकानात माझं काम. शहरात नवी, एकटी बाई आली की आम्ही आधी तिचं नाव विचारतो. नावाने हाक मारली की ती पुन्हा येते.

वहिनी दुकानात आठवड्यातून चारदा येऊ लागली, तेव्हाच मला कळलं होतं. तरी बाटली पिशवीत घालून देत राहिले.

गेल्या गुरुवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकाच्या रत्नाबाईंचा फोन आला. "अक्का, मॅडम शाळेत गाडी घेऊन गेल्या. सकाळपासून घेतलीय हो त्यांनी."

मी रिक्षा करून धावले. होप फार्म चौकाच्या अलीकडे गाडी रस्त्यातच तिरपी उभी, इंजिन चालू, मागे हॉर्नचा गोंधळ. वहिनीचं डोकं स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर शाल्मली मोठ्याने आकडे म्हणत होती.

"आत्या, थांब ना. शंभरपर्यंत मोजलं की आई उठते. काल दोनशे लागले."

काल, दादा.

मी किल्ली काढून घेतली. वाटलं, भानावर आल्यावर वहिनी रडेल. ती शांतपणे म्हणाली, "पद्माकरला सांग की. मग मीही त्याला तुझे मेसेज दाखवते."

ते लिहायचं टाळत चार कागद फाडले. महिनाअखेरीला माझं विक्रीचं टार्गेट कमी पडलं की मीच तिला लिहायचे, 'वहिनी, नवीन आलीय, दोन बाजूला ठेवू?' दर वेळी ती यायची. मला बढती मिळाली, तेव्हा पहिला पेढा तिच्याच हातावर ठेवला होता.

शनिवारी नोकरी सोडली. तुझ्या घरी राहायला आलेय, शाल्मलीला मीच सोडते-आणते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर वहिनी गोड हसून म्हणाली, "सरी, ठीक आहे, सोमवारी जाऊ."

आज सोमवार. सकाळपासून तिने खोलीचं दार उघडलेलं नाही. हाक मारली की फक्त 'हं' येतं. आणि गाडीची दुसरी किल्ली कपाटात होती, ती आता तिथे नाही.

लगेच तिकीट काढ. येतोयस हे तिला कळवू नकोस. माझ्यावर काय रागवायचं ते इथे आल्यावर रागव, पण शाल्मलीसमोर नको. ती सगळं मोजते.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला आज धीर होत नसलेली,
आसावरी