पोटाखालचा डेक निवडणाऱ्या टेपताईविषयी

मी, खाली सही करणारी, दवाखान्याचे आवार राखणारी आणि सगळ्यांची गवतकाकू, माझ्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे.

१. राहते घर माझ्या मुलाला द्यावे. त्याचा आणि सुनेचा संसार का मोडला, याचा निवाडा मी करत नाही. पोटचा आहे, घर त्याचेच. मागच्या भिंतीला ओल येते, तेवढी त्याने बघून घ्यावी.

२. छोटा ट्रॅक्टर, त्याखालचा गवत कापायचा डेक आणि पान्यांची पेटी त्या सुनेला द्यावी. खिशात सदा मोजपट्टी असते म्हणून तिला सगळे टेपताई म्हणतात. घटस्फोटानंतर कायद्याने ती माझी कोणी लागत नाही. मी लिहून ठेवले नाही तर ट्रॅक्टर मुलाकडे जाईल आणि तिचे काम बंद पडेल. म्हणून कारण सविस्तर देते.

ट्रॅक्टर घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "काकू, मागे जोडायचा रुंद डेक घ्या. झटपट काम." माझ्या दिरांनीही मान डोलावली. सुनेने विचारले, "झाडाला वळसा घालताना याचं शेपूट कुठे जातं?"

"जातं थोडं बाहेर. सांभाळून घ्यायचं."

ती उठली आणि दवाखान्याच्या आवारातली झाडे, बाके, वाटा मोजून आली. "आई, आपल्याला चाकांच्या मधे, पोटाखाली बसणारा हवा. तो आपल्याबरोबर वळतो, आणि त्याची कड सीटवरून दिसते. शिवाय गवत बाजूला फेकणारा नको, मागे टाकणारा हवा. बाजूला बाकांवर पेशंट बसतात."

"त्यात ओलं गवत अडकतं," दुकानदार म्हणाला. "सारखं साफ करावं लागेल."

"करीन."

दीर हसले. "गवत कापायचंय की ऑपरेशन करायचंय?"

पुढच्या उन्हाळ्यात एक आजी बाकावर विणत बसल्या होत्या. ऊन तिथेच मिळते म्हणून उठायला तयार नव्हत्या. सुनेने बाकाजवळची पट्टी नंतरसाठी सोडली आणि लांबून कापायला घेतले. गवतात कोणा कामगाराने टाकलेला लोखंडी तुकडा होता. पात्याला लागून धाडकन आवाज झाला. तुकडा मागून निघाला आणि ट्रॅक्टरच्या मागे मातीत रुतला. बाजूला फेकणारा डेक असता तर त्या बाजूला बाकच होते. मी वाटेवरून हे सगळे पाहिले.

"काय पडलं गं?" आजींनी विचारले.

"काही नाही आजी, लोखंड होतं," ती शांतपणे म्हणाली आणि इंजिन बंद करून पाते तपासू लागली. त्या दिवसापासून ती कापण्याआधी सगळे आवार पायी फिरते. असे मन लावून काम करणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

संसार मोडल्यावर मुलगा सामान घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. मला वाटले, निरोप घ्यायला आली. म्हणाली, "आई, गवत वाढलंय. चला."

३. दिरांनी नेलेली माझी शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. त्यांना याहून अधिक काही नाही.

४. यजमानांचे घड्याळ मुलाला. ते मागे पडते, त्याला चालेल.

५. मसुदा करताना वकिलांनी विचारले, "नातं काय लिहू? माजी सून?" ती चहा घेऊन आली होती. म्हणाली, "आई, 'ट्रॅक्टर चालवते' एवढंच लिहा." आजवर तिचे म्हणणे मी कधी मोडले नाही. आज मोडते. वकिलांना मी नात्यापुढे 'मुलगी' असे लिहायला लावले आहे, आणि यावर कोणाचीही हरकत चालणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही: गवतकाकू
साक्षीदार: १) दवाखान्याचे चौकीदार (सही) २) शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
ठिकाण: राहते घर. तारीख: आजची, शिक्क्याप्रमाणे.