पडद्यावरची पॉलीन

टिलबरी, ५ मार्च २००५

चि. इव्होनला अ. उ. आ.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून लिहायला बसले. तुझ्या एलियटला सिनेमात मुख्य काम मिळालं, हे मला मटणवाल्याकडून कळलं. सख्खी मावशी मी, आणि बातमी मटणवाल्याकडून! बरं, काम कुणाचं, तर माझ्या डीनचं. म्हणजे शनिवारी शनिवारी दुसऱ्या फुटबॉल क्लबच्या पोरांची डोकी फोडली डीनने, फायनलची खोटी तिकिटं छापून आपल्याच क्लबच्या लोकांना विकली डीनने, त्यापायी बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं काढली डीनने. आणि नाव व्हायचं ते दंतवैद्याच्या मुलाचं.

सरळच सांगते, माझ्या पोटात दुखतंय. लहानपणी माझे कोट मला आखूड झाले की तुला मिळायचे, आणि तू ते घातलेस की सगळे म्हणायचे, कोट हिलाच शोभतो. आत्ताही तसंच वाटतंय.

डीनला त्यांनी सल्लागार म्हणून ठेवलंय, म्हणजे रोजचे चाळीस पौंड आणि दुपारचं सॅण्डविच. तो खूश आहे, मी नाही. एक मात्र कळव, माझं काम कोण करतंय? बाई जरा बारीक असू दे म्हणावं.

माझ्या कुरकुरीकडे काणाडोळा करून माया ठेव.

तुझी,
पॉलीनताई


गिल्डफर्ड, १६ मार्च

ति. पॉलीनताईस सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. मटणवाल्याच्या आधी तुलाच सांगायला हवं होतं, कबूल.

पण सिनेमा म्हणजे मोठा थाट असेल असं समजू नकोस. पाचशे दंगेखोर म्हणून बावीस माणसं आणली आहेत. ती कॅमेऱ्यासमोरून पळतात, गाडीमागून वळसा घालतात, टोप्या बदलतात आणि पुन्हा पळतात. दोन्ही क्लबांचे जुने दंगेखोर आहेत त्यात. एकेकाळी एकमेकांचे दात पाडलेले हे लोक आता एकाच ताटातले सॉसेज रोल खातात. बार्नी म्हणून एक आडदांड आहे. दिग्दर्शकाने, म्हणजे रॉसने, त्याला विरुद्ध क्लबचा मफलर घालायला सांगितलं, तर म्हणाला, "पैसे नकोत तुझे, पण हे गळ्यात घातलं तर आमचा म्हातारा थडग्यातून उठेल!" शेवटी मफलर उलटा करून घालण्यावर तोडगा निघाला.

आणि ताई, जळायचंच तर मी जळायला हवं. एलियट दिवसभर डीनच्या मागे मागे असतो. त्याच्यासारखा चालतो, त्याच्यासारखं चहात बिस्कीट बुडवतो. परवा मला म्हणाला, "काय म्हातारे, बरी आहेस ना?" शिक्षणावर एवढा खर्च करून माझ्या मुलाला तुझा मुलगा व्हायचंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला हात धजत नाही. गोष्टीत आई नाहीच. पहिल्याच प्रसंगात तिची शवपेटी जाते. रॉस म्हणतो, शवपेटीला एकदाच पैसे द्यावे लागतात, नटीला रोज.

रागावलीस तरी आपली समज.

तुझी धाकटी,
इव्होन


टिलबरी, १९ मार्च

चि. इव्होनला अ. उ. आ.

मी मेल्याचं कळवलंस, आभारी आहे. फुलं तरी बरी होती ना?

दर दुसऱ्या शनिवारी दोन आगगाड्या आणि एक बस बदलून मी त्या बेटावर गेले. अंगझडती द्यायची, कुत्रा हुंगून जायचा, मग हातात कँटीनचा पांचट चहा आणि टेबलापलीकडे माझं पोर. आल्यावर एक मिठी, निघताना एक, मध्ये काही नाही. तू एकदाही आली नाहीस, त्याचा हिशेब मी मागत नाही. पण लोक आता तो सिनेमा बघणार आणि म्हणणार, बिचाऱ्याला भेटायला कुणी नव्हतं! मला मारलं तर चालेल, इव्होन. मी गेलेच नाही असं दाखवलेलं चालणार नाही.

डीनला विचारलं, तू तिथे बसलेला असताना काही बोलला का नाहीस? खांदे उडवून म्हणाला, "अगं म्हातारे, सिनेमा आहे तो." मी म्हटलं, तिकिटं विकलीस तशी आता आईही विकलीस का? तो उठून बाहेर गेला. त्याचा चहा तसाच राहिला.

एलियटला आशीर्वाद सांग, त्याचा काही दोष नाही.

तुझी,
पॉलीनताई


गिल्डफर्ड, ११ एप्रिल

ति. पॉलीनताईस सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. तुझं पत्र मी एलियटला वाचून दाखवलं. तो रॉसशी हमरीतुमरीवर आला आणि आई जिवंत झाली! तुरुंगातल्या भेटीचा अख्खा प्रसंग घातलाय, बेटासकट आणि कुत्र्यासकट. कुत्रा रॉसच्या शेजाऱ्यांचा आहे, हुंगण्यापेक्षा चाटतोच जास्त.

आता दुसरी बातमी. ठरलेली नटी ऐनवेळी केकच्या जाहिरातीसाठी पळाली. मी नेहमीप्रमाणे शूटिंगच्या जागी सगळ्यांची सॅण्डविचं घेऊन उभी होते. रॉसने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या अंगावर एक तपकिरी कोट चढवला आणि खुर्चीत बसवलं. ताई, तुझं काम मी केलं. फोनवर सांगायची छाती झाली नाही.

सतरा सप्टेंबरला तुमच्याच गोदी कामगार क्लबाच्या हॉलमध्ये सिनेमाचा पहिला खेळ आहे. शिव्या द्यायला तरी ये.

तुझ्या मायेची वाट बघणारी,
इव्होन


टिलबरी, १४ एप्रिल

इव्होन,

पुन्हा माझा कोट, पुन्हा तुझ्या अंगावर.

त्या टेबलाशी कसं बसायचं ते तुला काय ठाऊक? रडली असशील हुंदके देऊन. मी तिथे कधी रडले नाही. परतीच्या बसमध्ये रडायचे, तेही खिडकीकडे तोंड करून. आता टिलबरीतली बाई न् बाई पॉलीन म्हणून तुझा चेहरा लक्षात ठेवणार.

मी येणार नाही. आशीर्वाद आणि माया सध्या शिल्लक नाहीत.

पॉलीन


गिल्डफर्ड, ८ सप्टेंबर

ति. ताईस सा. न. वि. वि.

उन्हाळाभर तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून चारच ओळी. दुसऱ्या रांगेत तुझी आणि डीनची खुर्ची राखून ठेवली आहे. डीनने रॉसला सांगितलंय, आमची म्हातारी आत आली नाही तर मीही बाहेरच उभा राहीन. तू ठरव.

इव्होन


टिलबरी, १८ सप्टेंबर

चि. इव्होनला अ. उ. आ.

काल दिवे लागल्याबरोबर मी निघून आले, तुझ्याशी बोलले नाही. त्याचं कारण लिहिते.

मारामाऱ्यांना हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. बार्नीचा उलटा मफलर दिसला तेव्हा तर छत उडायचं बाकी होतं. मग तू आलीस. तपकिरी कोट, चापूनचोपून विंचरलेले केस, डोळ्यांत पाणी. पुढच्या रांगेतली आमची शेजारीण ग्लेनिस डोळे पुसत मागे वळून मला म्हणाली, "काय आई वठवलीय गं तुझ्या बहिणीने!" तेव्हा उठून पडद्यावरून तुला खाली ओढावंसं वाटलं. इतकी मी आयुष्यात कुणावर जळले नव्हते.

तेवढ्यात डीन माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, "मावशीने कप उजव्या हातात धरलाय."

मी तिथे कप कायम डाव्या हातात धरायचे. उजवा हात टेबलावर ठेवायचे, त्याच्या हाताशेजारी, लागेल न लागेल असा. पहारेकऱ्याला बोलायला जागा नाही आणि पोराला मात्र कळावं. मला वाटायचं, त्याच्या ते ध्यानातही आलं नसेल.

मी विचारलं, मग रॉसला सांगितलं का नाहीस? तिकिटं कशी छापली ते सांगितलंस, कुणी कुणाला मारलं ते सांगितलंस. तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "ते विकायचं नव्हतं, म्हातारे." आणि त्याने खुर्चीच्या दांडीवर, माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. नंतरचा सिनेमा मला दिसलाच नाही, शेवट काय आहे तो एलियटला विचारावा लागेल.

कोट तुला शोभला, हे लिहून देते. पोटात अजून दुखतंय, पण झोप लागली. पुढच्या रविवारी एलियटला घेऊन जेवायला ये. चहा मी करीन, तू कप हव्या त्या हातात धर.

जळकी, पण तुझीच,
पॉलीनताई