तेलाच्या हातातली ट्यूब

३ मार्च, सोमवार

ठरलं! आमच्या क्रांतीचं कोडोलीच्या सयाजीशी ठरलं! उंच हाय, लाजरा हाय, पोहे दोनदा मागून खाल्ले. मी नाचलेच असते, गुडघं नको म्हणालं. दोन वर्षांची असल्यापासनं ही नात माझ्यापाशी वाढली. वैशाखात लगीन!

एकच खोट. पोरीच्या मानेवर गजकर्ण उठलंय. शेजारच्या बयाबाईनं मेडिकलातली ट्यूब दिली, तिच्या सुनेला दोन दिवसांत गुण आला म्हणे. क्रांती म्हणते, "असलं काय बी लावू नगंस!" म्हणून रोज डोक्याला तेल लावताना गपचीप बोटावर घेते अन् मानेला चोळते. हे ह्या वहीलाच ठाऊक.

५ मार्च, बुधवार

कातडीच्या ओपीडीला गेलतो. नंबर चौसष्ट! तीन तास बाकड्यावर. शेजारच्या बाईनं तिच्या म्हशीचं सगळं आजारपण सांगितलं, म्हशीला बी आमच्यापेक्षा लवकर बघितलं असणार.

डॉक्टरीणबाई कोवळी पोर. बघितलं, लिहिलं, झालं. सुई न्हाय, काय न्हाय! एवढंच विचारलं, "आज्जी, घरी काही लावलं का? मेडिकलमधलं?"

"न्हाय बाई."

का म्हटलं? भरल्या खोलीत अडाणी ठरायची लाज वाटली.

दाराशी एक पोरगी कागद घेऊन. समाधान झालं का म्हणे. तीन तोंडं काढलेली: हसरं, मधलं, रुसलेलं. मी रुसलेल्यावर बोट ठेवलं. "लिही," म्हटलं, "दोन मिनिटांत हाकललं."

७ मार्च

खाज थांबली! दवाखान्याचा न्हाय, माझ्या बोटाचा गुण!

१७ मार्च, सोमवार

गालावर आलंय. बांगडीएवढं. सयाजी फोटोमागं फोटो मागतोय, क्रांतीनं फोन पालथा ठेवला अन् आरशासमोर रडली.

मी काय केलं ह्ये?

१९ मार्च, बुधवार

पुन्हा ओपीडी. आज डॉक्टरीणबाईनं खुर्ची जवळ ओढली, भिंग लावलं. अर्धा तास!

"औषध बरोबर आहे, मग वाढतंय कसं? आज्जी, खरं सांगा. मी रागावणार नाही."

माझ्या आधी क्रांतीच बोलली, "म्याडम, माझी आज्जी खोटं बोलत न्हाय."

मी बी व्हय म्हणून मान हलवली. नुस्ती मान.

"मग गोळी वाढवावी लागेल. लिव्हरवर ताण येतो, आधी रक्त तपासू." पोरीच्या दंडात सुई गेली. मी खिडकीकडं बघत बसले. रक्त तिचं, पाप माझं.

दाराशी कागदवाली म्हणाली, मागच्या रुसलेल्या तोंडावरनं म्याडमना मोठ्या सायबांनी बोलावून घेतलं, पेशंटला वेळ देत न्हाय म्हणून. म्हणजे आजचा अर्धा तास त्याच्यापायी! बाहेर पन्नास माणसं ताटकळली हुती.

२० मार्च

आज मानेला नुस्तं तेलच लावलं. ट्यूब कनवटीला तशीच.

२१ मार्च, शुक्रवार

एकटीच गेले. ट्यूब टेबलावर ठेवली. "बाई, मी खोटं बोलले. ह्येच चोळत हुते."

वाटलं, आता ओरडणार! तिनं ट्यूब उलटीसुलटी करून बघितली. "बरं झालं सांगितलंत. घरोघरी आहे ही, खाज दाबते आणि गजकर्ण पसरवते. गोळी वाढवायची नाही, ही बंद करायची. आधी थोडं भडकेल, मग उतरेल. लग्नापर्यंत बरंच जाईल." आणि पुढच्याला हाक.

दोनच मिनिटं लागली! कागदवालीला मीच बोलावलं. हसऱ्या तोंडावर बोट असं दाबलं की कागद फाटायचा.

पोरीला सांगायचं राहिलंय.

२३ मार्च, रविवार

तेल लावायला बसले अन् सांगून टाकलं. क्रांतीनं मागं वळून बघितलं न्हाय.

"आज्जी, तेलाचं बोट अन् ट्यूबचं बोट मला कळत न्हाय व्हय? पहिल्या दिवसापासनं कळतंय. खाज थांबली तवा मी बी गप बसले. पण बुधवारी म्याडमसमोर मुद्दाम तसं म्हटलं. वाटलं, आता तरी तू बोलशील."