खात्रीची एक नोंद

प्रिय ताई,

अक्षर माझंच आहे, घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण माझ्या अक्षराला नको. पत्र घेऊन आलेल्या बाई आमच्या दुकानाच्या मालकीणबाई आहेत. त्यांना आत घे, दाराला कडी लाव आणि मग वाच. थोडक्यात सांगणं मला कधी जमलं नाही, तरी बघतो.

ट्रकवरचं काम सुटलं. ड्रायव्हर दिवसभर शीळ घालायचा, तीही बेसूर. आता मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे. एक ना धड भाराभर चिंध्या, असं म्हणशील, पण हे काम मला खरंच जमतं. बिघडलेल्या फायलींतली माहिती परत काढून द्यायची. डेटाबेसच्या फायलीचा सुरुवातीचा भाग बिघडला की ती उघडत नाही, पण आतल्या नोंदी बहुधा जागेवर असतात. आधी प्रत काढायची, मूळ फायलीला हात लावायचा नाही, मग प्रतीतून एकेक नोंद उपसून नव्या फायलीत भरायची. विहीर उपसावी तसं. गोची अशी, की उपसताना रकाने सरकतात. एकीचा पत्ता दुसरीच्या नावापुढे जातो आणि दिसायला सगळं ठीकच दिसतं. म्हणून आमच्या मालकांची रीत आहे: गिऱ्हाइकाकडून एक खात्रीची नोंद लिहून घ्यायची, अगदी पाठ असलेली, आणि ती चिठ्ठी माझ्या टेबलावर पालथी ठेवायची. काम संपेपर्यंत मी बघायची नाही. आधी बघितली तर तू तेवढंच शोधत बसशील, म्हणतात. ते खरंही आहे.

परवा एक गृहस्थ पेनड्राइव्ह घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी संस्था आहे, तिथे काम करतो म्हणाले. कॉम्प्युटर बंद पडला, बिचाऱ्यांची सगळी माहिती गेली हो, म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की बाकीची कामं बाजूला सारून मी ती फाईल हातात घेतली.

आज सकाळी नोंदी निघाल्या. फोन नंबरांच्या जागी नुसते चौकोन आले, पण नावं, पत्ते, मुलांच्या शाळा अगदी स्वच्छ. मी खुशीत चिठ्ठी उलटली. तिच्यावर तुझं नाव होतं, माहेरचं. तुझी जन्मतारीख, चिमणीची जन्मतारीख. आणि पडद्यावर त्याच नावापुढे तुझं घर, मजला, चिमणीची शाळा, ती सुटायची वेळ. एकही रकाना सरकला नव्हता. माझी पाचावर धारण बसली, ताई. दाजींपासून लपून तू कुठे राहतेस हे आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते मी माझ्या हातांनी वर काढलं होतं.

मालकांनी संस्थेला फोन लावला. असा कुणी माणूस तिथे नाही. जुने कॉम्प्युटर मात्र त्यांनी भंगारात दिले होते. मला वाटलं, तुझ्या नावापुढे भलताच पत्ता टाकावा आणि फाईल देऊन मोकळं व्हावं. टाकलासुद्धा. मग हात थांबला. कुठलाही पत्ता टाकला तरी तिथे कुणीतरी दार उघडणारच ना.

तेवढ्यात तो आला. फाईल गेली, काही निघत नाही, असं मी सांगितलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, तुला माहीत आहे. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या कानांकडे बघून हसला, असू द्या म्हणाला, पेनड्राइव्ह खिशात घातला. आम्ही आमची प्रत पुसली, पेनड्राइव्हही पुसला असता, पण भंगारातला मूळ कॉम्प्युटर त्याच्याजवळच असणार, तो कसा पुसणार? या गल्लीत अशी दुकानं पुष्कळ आहेत आणि तिथली पोरं माझ्याहून हुशार आहेत. आता तो समोर गाडीत बसलाय. शेजारी दाजी आहेत. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं का, ठाऊक नाही. मी बाहेर पडलो तर माझ्यामागोमाग तुझ्या दारात येतील, म्हणून मालकीणबाईंना पाठवलं. त्या मागच्या दाराने निघतील.

संस्थेच्या बाई बाकीच्यांना हलवताहेत. तुझा फोन त्यांनाही लागत नाही. तुला न्यायला संध्याकाळी येतो म्हणाल्या, पण शाळा त्याआधी सुटते, म्हणून हे पत्र. हे वाचलंस की नीघ, कपडे भरत बसू नकोस. चिमणीला वर्गातून मधूनच उठवून घे, काहीही कारण सांग. आणि पुढे जिथे राहशील तो पत्ता मला कळवू नकोस, कितीही वाटलं तरी. दाजी माझ्याकडे येणार. आधी गोड बोलतील, मग हात पिरगाळतील, आणि मी काही फार धीराचा नाही. जे मला माहीतच नाही ते माझ्यातून कुणाला काढता येणार नाही.

तुझाच,
धाकटा