मोकळेपणाने या

३ नोव्हेंबर, सोमवार
ज्याला कुत्रा चावलेला नाही, असा माणूस कुत्रा चावलेल्यांच्या रांगेत का बसतो? मला उत्तर देता येत नाही. एमएसडब्ल्यूला फर्स्ट क्लास असूनही.

आज कल्याणच्या दवाखान्यात रुजू झाले. पद समुपदेशक, एचआयव्ही तपासणी केंद्र. खोली मागच्या अंगाला, रेबीजच्या इंजेक्शनच्या खोलीला चिकटून. आमच्या दारावर काहीही लिहिलेलं नाही. बाहेर बाक एकच, रांग एकच, आणि त्यातले निम्मे आमचे. वॉचमनने हटकलं की म्हणतात, कुत्रा चावलाय. मग नंबर आला की हळूच आमच्या दारात वळतात.

लॅब टेक्निशियन सुदेश म्हणाला, मॅडम, इथे पहिल्यापासून असंच चालतं. एक काका तर कुत्र्याचा रंगपण सांगतात. आणि हसला. हा माणूस चहा प्यायला जन्माला आलाय.

मला हसू आलं नाही. आरोग्य खात्याच्या दारात लोक खोटं बोलून शिरतात आणि खातं ऐकून घेतं. मी आयुष्यात खोटं बोललेले नाही (दहावीचं ट्रिपचं सोडून). संकल्प: एक डिसेंबरच्या एड्स दिनापर्यंत या केंद्राची लाज घालवायची. म्हणजे लोकांची लाज.

४ नोव्हेंबर
पप्पांनी एसटीच्या खोपट डेपोत पेढे वाटले. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी बातमी सांगायला तिथेच जातात. सगळ्यांना सांगितलं, आमची प्रीती एड्स ऑफिसर झाली. आई म्हणाली, अहो, नुसतं आरोग्य खातं सांगायचं. पप्पा म्हणाले, खातं काय, खात्यात झाडूवालापण असतो. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मला दोघांना समजून घ्यावं लागतं.

६ नोव्हेंबर
प्लॅन तयार. प्रॉब्लेम व्हिजिबिलिटीचा आहे. दारावर मोठा फ्लेक्स. वेगळा बाक. जमिनीवर लाल टेपचे बाण, गेटपासून थेट आमच्या दारापर्यंत. सुदेशला दाखवला. म्हणाला, लाइटिंग नाही? टोमणा होता. तरी नोंद करून ठेवली.

खात्याकडे फंड नाही. आत्ता उसने घेऊन पहिल्या पगारातून फेडणार.

८ नोव्हेंबर, शनिवार
राजरत्नचा मित्र टेंभी नाक्याला फ्लेक्स बनवतो. दहीहंडीचे सगळे त्याचे. त्याने मागे ज्वाळा टाकल्या. काढायला लावल्या. खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ' लिहिलं. तेही काढायला लावलं. मग म्हणाला, ताई, फोटो कोणाचा? म्हटलं, कोणाचाच नाही. म्हणाला, फोटो नाही तर वाचतं कोण?

मुद्दा प्रोफेशनल होता. विचार करून माझा दिला. पदवीदानाचा, गाउनमधला. मजकूर माझा: एचआयव्ही तपासणी येथे होते. लपू नका, लाजू नका, मोकळेपणाने या. आपली प्रीती मॅडम.

राजरत्न म्हणाला, दिदी, निवडणुकीला उभी आहेस का? धाकट्या भावांना कामाचं गांभीर्य नसतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
फ्लेक्स लागला. गेटवरून माझे दात दिसतात.

कुत्रा चावलेले खूश आहेत, त्यांची रांग अर्धी झाली. आमच्या बाकावर अजून कोणी नाही. पहिला दिवस आहे.

११ नोव्हेंबर
आज एकाने फार निराश केलं. गोपनीयता म्हणून नाव बदलून जगन लिहिते. नाव खरंच जगन आहे, पण वाचणारं कोण आहे इथे.

रिक्षा चालवतो. शुक्रवारी रक्त देऊन गेला होता, आज रिपोर्ट घ्यायला आला. वेगळा बाक असूनही सवयीने कुत्र्यांच्या बाकावर बसला. मी बाहेर गेले. कॉलेजमध्ये पथनाट्य केलेलं असल्यामुळे माझा आवाज पोचतो. अत्यंत आदराने म्हटलं, रिक्षावाले दादा, तुमचा रिपोर्ट तयार आहे, तुमची जागा इकडे. संकोच करू नका.

त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पायाकडे बघत म्हणाला, मॅडम, मला कुत्रा… आणि उठला. गेटपर्यंत चालला, पुढे पळाला. बाकावरच्या एका बाईने पर्स मांडीवर घेतली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आणि माणूस रस्त्यावर.

 दुपारी सुदेश म्हणाला, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. रक्त देताना सांगत होता. तिची तपासणी माहेरच्या गावी चालू आहे, त्यात एचआयव्हीची झालीय की नाही त्याला माहीत नाही. आता तिला वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर पोर वाचेल. तुम्हीच ट्रेनिंगमध्ये शिकलात ना हे?

शिकले. पाठ आहे. म्हणून तर आवाज दिला. पळाला तो, मी नाही.

१४ नोव्हेंबर
आठवडाभर कोणीही नाही. कारणं: (अ) लग्नसराई. (ब) थंडी. (क) लोक.

कुत्रा चावलेले आता आमच्या बाकावर पिशव्या ठेवतात. एक पोरगं येऊन बसलं तर त्याच्या आईने दंड धरून उचललं. म्हणाली, तिकडे नको, मॅडम बघतायत. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. मी तिला समजावायला उठले तर ती इंजेक्शन न घेताच निघाली. रेबीजच्या नर्सने माझ्या नावाने जिल्ह्याच्या साहेबांकडे तक्रार केलीय म्हणे. करू दे.

जगनने दिलेला मोबाइल नंबर भिवंडीच्या एका ब्युटी पार्लरचा निघाला. सुदेश म्हणतो, सगळे खोटेच देतात, पण रिपोर्टला स्वतः यायचे, त्यामुळे कधी अडलं नाही. 'यायचे' यावर नको तेवढा जोर.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ठरवलं. तो येत नाही, तर खातं त्याच्याकडे जाईल.

लाल रिबिनीचं जॅकेट घालून स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर गेले. एरवी दुर्गाडीला येता का विचारलं तर मान फिरवतात. आज मला बघून सगळे रिकाम्या रिक्षा घेऊन सुसाट निघाले. मागे राहिला पंढरी, स्टँडचा म्होरक्या. त्याची सुरू होत नव्हती. त्याने विचारलं, ताई, कोणाला शोधताय? मी म्हटलं, ते गोपनीय आहे. तो म्हणाला, आमच्यातलाच आहे ना? मी म्हटलं, तेही गोपनीय आहे, पण घरी बाळ येणार आहे, म्हणून अर्जंट आहे.

तो म्हणाला, टेन्शन नका घेऊ. संध्याकाळपर्यंत नाव काढतो.

लोकसहभाग यालाच म्हणतात.

नंतर: सुदेशला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. म्हणाला, मॅडम, आता तो त्या स्टँडवर परत रिक्षा लावू शकेल?

मला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. झोपेच्या गोळ्या मिळत असत्या तर घेतल्या असत्या. तरी एक गोष्ट नोंदवते: हेतू शुद्ध होता.

१९ नोव्हेंबर
पंढरी दवाखान्यात आला. फ्लेक्सकडे पाठ करून बोलला. म्हणाला, ताई, स्टँडवर तिघांच्या बायका गरोदर आहेत. दोघांनी काल एकमेकांची कॉलर धरली. तिसरा दोन दिवस आलाच नाही, म्हणजे तोच. मी म्हटलं, तसं काही सिद्ध होत नाही. तो म्हणाला, आम्हाला सिद्ध करायचं नसतं.

पुढे म्हणाला, तुमच्या घरात असं कोणी असतं तर त्याच्या नाक्यावर जाऊन विचारलं असतं का?

सरकारी कर्मचाऱ्याशी असं बोलता येत नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. तो गेल्यावर सुचलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
डोंबिवलीचं स्थळ मोडलं. मुलाच्या आईला कोणीतरी व्हॉट्सअॅपवर फ्लेक्सचा फोटो पाठवला. तिने आईला फोन करून विचारलं, रमाबाई, मुलीला कधीपासून आहे हो?

आई तिला काहीच बोलली नाही. जे बोलायचं ते मला बोलली. म्हणाली, गाउन घालून रोग जाहीर केलास. मी म्हटलं, आई, हा रोग आपल्याला नाही, आपण तो हटवतोय. आई म्हणाली, मग त्याच्याशेजारी दात काढून का उभी आहेस?

पप्पा डेपोत गेलेच नाहीत आज. मोतीबिंदूचं कारण सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालंय.

मुलगा तसाही मला पसंत नव्हता. श्रियाला (चुलत बहीण) कळवलं की मीच नकार दिला. हे खोटं नाही, मनातून दिलाच होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार
न्याय मिळाला!

जिल्ह्याचे साहेब व्हिजिटला आले. गेटपासून बाणांवरून चालत आले. रिकामा बाक बघून म्हणाले, व्वा, गर्दी नाही, गोंधळ नाही, याला म्हणतात शिस्त. फ्लेक्ससमोर फोटो काढला. मी शेजारी, म्हणजे दोनदा मी. जाताना ऑर्डर दिली: एक डिसेंबरला जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्राच्या दारावर हाच बोर्ड, हाच फोटो. ठाणे, डोंबिवली, भिवंडी, सगळीकडे.

घरी सांगितलं. आई आत निघून गेली. राजरत्न म्हणाला, दिदी, मी आडनाव बदलू का?

त्यांना मोठा विचार झेपत नाही. तरी जेवण गेलं नाही. वांगी होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
अक्षदाचा फोन. ट्रेनिंगला माझ्या बॅचला होती, ठाण्याच्या केंद्रात आहे. मार्क माझ्यापेक्षा कमी.

म्हणाली, नाव सांगणार नाही, पण एक रिक्षावाला आलाय. थेट आत आला नाही. दोन दिवस दातांच्या ओपीडीच्या रांगेत गाल धरून बसला, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे वळला. नव्याने रक्त दिलं. सोमवारी रिपोर्टला येतो म्हणालाय, बायकोला गावाहून आणून. एकच अट घातली, कल्याणच्या मॅडमना कळता कामा नये.

मी म्हटलं, मग मला का कळवतेस? ती म्हणाली, अगं, कारण सोमवारी माझ्या दारावर तुझं थोबाड लागणार आहे. तो गेटवरून बघेल आणि बायकोला घेऊन परत पळेल. या वेळी कुठे जाईल? सातवा संपत आलाय तिचा.

मी म्हटलं, बोर्डचा उद्देश तू समजून घेतलेला नाहीस. तिने फोन ठेवला. 

पेशंटने अट घालायला मी काय त्याची सासू आहे?

नंतर: मी त्याच्या जागी असते तर ठाण्यालाही गेले नसते. नाशिकला गेले असते.

२९ नोव्हेंबर, शनिवार
साहेबांना जाऊन भेटले. खरं ते सांगितलं. सर, बोर्ड लागल्यापासून केंद्रात एकही माणूस आलेला नाही. पूर्वी रोज यायचे. बोर्ड इतरत्र लावू नये.

साहेब म्हणाले, पेशंट नाहीत म्हणजे रोग कमी झाला. एवढ्या लहान वयात एवढा इम्पॅक्ट. मी म्हटलं, सर, रोग आहे तिथेच आहे, माणसं पळालीत. एका बाळाचा प्रश्न आहे. साहेब म्हणाले, भावनिक होऊ नका, पत्रक निघालंय, बोर्ड छापून झालेत, उद्या रात्री सगळीकडे लागतील. आणि बाळाच्या आईला सांगा, मोकळेपणाने या.

माझंच वाक्य होतं. त्यांच्या तोंडात ते फार घाणेरडं वाटलं. माझ्या तोंडात कसं वाटत होतं, हे सुदेशला विचारावं का? नको.

३० नोव्हेंबर, रविवार, दुपार
सकाळी साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, सॉरी, रविवारी त्रास देते. काल तुमच्याकडून परतल्यावर दवाखान्यात तीन भावी नगरसेवकांची माणसं आली होती. बोर्डवर भाऊंचा फोटो का नाही म्हणून विचारत होती. मॅडमचा आहे, भाऊंचा नाही, म्हणजे भाऊंनी वॉर्डात काय केलं, असं म्हणाली.

 साहेबांनी हळू आवाजात विचारलं, कोणत्या पक्षाची? मी म्हटलं, सर, तिघं तीन पक्षांची. आता सगळीकडे लागणार आहेत कळलं तर प्रत्येक वॉर्डातून येतील. साहेब म्हणाले, माझं नाव घेतलंत का? मी म्हटलं, अजून नाही.

चहा होईपर्यंत ग्रुपवर मेसेज पडला: पुढील आदेशापर्यंत कोणत्याही केंद्रावर कोणताही बोर्ड लावू नये.

कोणीही आलं नव्हतं. भावी, माजी, कोणीच नाही. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग कल्याणला गेले. सुट्टी असूनही सुदेश आला. स्टूल त्याने धरलं, फ्लेक्स मी उतरवला. बाण नखांनी खरवडले, दोन नखं गेली. वेगळा बाक ढकलत नेऊन कुत्र्यांच्या बाकाला जोडला. सुदेश म्हणाला, भाऊंची माणसं दिसायला कशी होती हो मॅडम? मी म्हटलं, एकाच्या गळ्यात चेन होती.

तिथूनच अक्षदाला मेसेज टाकला. बोर्ड येत नाही. उद्या दातांच्या रांगेत कोणी गाल धरून बायकोबरोबर बसलेला दिसला, तर ओळख दाखवू नकोस. नंबर येऊ दे.